लिव्हरवर्ट ओळखायचे कसे: ताज्या नमुन्यापासून वर्गापर्यंत

ओल्या दगडावर, ओढ्याकाठच्या मातीत किंवा कुंडीच्या कडेला चिकटलेला हिरवा पट्टा दिसला की बहुतेक जण त्याला ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतात. त्या एका शब्दाखाली शैवाल, मॉस, दगडफूल, नेच्याची कोवळी अवस्था आणि लिव्हरवर्ट असे निदान पाच अगदी वेगळे जीव येतात. लिव्हरवर्ट म्हणजे मराठी वनस्पतिशास्त्रातली यकृतका. जगभरात तिच्या सात हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. खरी मुळे नाहीत, फुले नाहीत, बिया नाहीत, तरीही जमिनीवरचे जीवन त्यांना पक्के साधले आहे.

नवशिक्यांची गाडी अडते ती नावापाशी. फोटो काढायचा, चित्रांशी जुळवायचा आणि जे जवळचे वाटेल ते नाव लावायचे, ही पद्धत पक्ष्यांना चालते, इथे चालत नाही. इथे नमुना हातात, ताजा आणि ओला हवा, आणि त्याला ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारायला हवेत. हा लेख त्याच क्रमाने जातो. प्रजातीपर्यंत प्रत्येक वेळी पोचता येणार नाही. वर्ग आणि बऱ्याचदा वंश मात्र नक्की हाती लागतो.

काय जवळ असावे

दहा पट मोठे दाखवणारे भिंग सक्तीचे, वीस पटीचे असेल तर उत्तम. भिंग डोळ्याशी टेकवायचे आणि नमुना त्याच्याजवळ आणायचा. दहा पट भिंगात तो साधारण अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट होतो. हात लांब करून भिंग नमुन्यावर धरले तर काहीच धड दिसत नाही. घरी ४० ते ४०० पट दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, कव्हर स्लिप, ड्रॉपर, दोन टोकदार चिमटे आणि दाढीचे नवे ब्लेड. बाहेर नेण्यासाठी बोथट सुरी, पाणी फवारायची छोटी बाटली, कागदाची घडी घालून केलेली पाकिटे आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई ओल्या पाकिटावर पसरते आणि नोंद वाया जाते.

शोधायला सावली आणि टिकणारा ओलावा असलेल्या जागा घ्या: झिरपणारे कडे, ओढ्याचे काठ, पायवाटेची उघडी पडलेली मातीची भिंत, झाडांची साल, कुजणारे ओंडके. दमट जंगलात जिवंत पानांच्या पृष्ठभागावरही काही सूक्ष्म जाती वाढतात. रिक्सिया (लिव्हरवर्टचा एक वंश) मात्र उघड्या, हंगामात ओल्या राहून नंतर कोरड्या पडणाऱ्या मातीत मिळते. मार्कांशिया पॉलिमॉर्फा ही जाती आग लागून गेलेल्या जमिनीवर आणि रोपवाटिकेच्या कुंड्यांत हमखास येते, कारण तिथे स्पर्धा कमी आणि क्षार भरपूर असतात.

पहिला प्रश्न: हे लिव्हरवर्टच आहे का?

मॉसपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. मॉसची पाने सहसा खोडाभोवती चहूबाजूंनी येतात, टोकदार असतात आणि बऱ्याच जातींत मधोमध शीर दिसते. लिव्हरवर्टला पाने असलीच तर ती दोन किंवा तीन सरळ रांगांत, खरी मध्यशीर नसलेली आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगलेली असतात. फिसिडेन्स नावाचे मॉस दोन रांगांत, सपाट वाढते आणि फसवते. त्याच्या पानात ठळक शीर आहे हे दिसले की प्रश्न मिटतो.

पानांवरून ठरत नसेल तर खालचे धागे, म्हणजे मूलाभ, पाण्याच्या थेंबात ठेवून १०० पटीवर बघा. लिव्हरवर्टचा मूलाभ एकाच लांब पेशीचा असतो, मध्ये एकही पडदा नाही. मॉसच्या मूलाभात तिरके पडदे ओळीने दिसतात. ही खूण जवळपास कधीच दगा देत नाही.

बीजाणूधानी, म्हणजे बीजाणू तयार होणारी थैली, आलेली असेल तर काम आणखी सोपे. मॉसचा देठ तारेसारखा चिवट असतो, आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि धानीवर झाकण व त्याखाली दातांची झालर असते. लिव्हरवर्टचा देठ पांढुरका, पाणीदार आणि नाजूक असतो. तो दोन-चार दिवसांत उभा राहून कोसळतो, आणि धानी बहुतेक वेळा चार पाकळ्यांत उघडते. झाकण नाही, दात नाहीत.

यानंतर हॉर्नवर्ट. चपट्या थॅलसवरून, म्हणजे खोड-पाने असा भेद नसलेल्या पट्ट्यासारख्या शरीरावरून, तो अगदी लिव्हरवर्टच वाटतो आणि पूर्वी दोघांना एकाच गटात टाकलेही जात असे. थॅलसचा पातळ तुकडा ४०० पटीवर बघा. हॉर्नवर्टच्या पेशीत बहुधा एकच मोठे हरितलवक असते, लिव्हरवर्टच्या पेशीत अनेक लहान असतात. हॉर्नवर्टमध्ये तैलपिंड (पेशीतले तैलद्रव्यांचे पिंड) नसतात आणि नॉस्टॉक या नीलहरित जिवाणूच्या वसाहतींचे गडद ठिपके दिसतात. धानी आल्या असतील तर भिंगाचीही गरज नाही, कारण त्या हिरव्या शिंगांसारख्या उभ्या असतात आणि बुडापासून वाढत राहतात.

नेच्याची कोवळी अवस्था पाच ते दहा मिलिमीटरची, हृदयाकृती आणि कडेला एकाच पेशीच्या जाडीची असते. ती फांद्या फोडत पसरत नाही. पर्णसदृश दगडफूल असेल तर ओला तुकडा फाडा. आत बुरशीच्या धाग्यांचा पांढरा थर दिसेल, जो लिव्हरवर्टमध्ये नसतो.

दुसरा प्रश्न: बांधणी कोणती?

लिव्हरवर्टची शरीरे तीन तऱ्हांची. पहिली तऱ्हा जाडसर पट्ट्याची, आतून हवेच्या कप्प्यांत विभागलेली. हिला गुंतागुंतीचा थॅलस म्हणू. दुसरी, तसाच पट्टा पण आतून एकसारखा, कप्पे नाहीत, वर छिद्रे नाहीत. हा साधा थॅलस. तिसरी, खोड आणि पाने असलेली. पुस्तकांत पहिले चित्र हटकून मार्कांशियाचे असते, म्हणून लिव्हरवर्ट म्हणजे पट्टा असा समज होतो. प्रत्यक्षात साधारण ८५ टक्के जाती पानांच्या आहेत. लोक त्यांना मॉस समजून पुढे जातात.

आजच्या वर्गीकरणात मार्कांशिओफायटा या विभागात तीन वर्ग आहेत. हॅप्लोमिट्रिऑप्सिडा हा अगदी छोटा, हॅप्लोमिट्रियम आणि ट्र्युबिया यांच्या गोतावळ्यातल्या मोजक्या जातींचा, पण वंशवृक्षावर सर्वांत आधी फुटलेला वर्ग. मार्कांशिऑप्सिडा हा मुख्यतः गुंतागुंतीच्या थॅलसचा. जुंगरमानिऑप्सिडा सर्वांत मोठा; साधे थॅलस आणि जवळजवळ सगळ्या पानांच्या जाती यातच येतात. म्हणजे साधा पट्टा दिसायला मार्कांशियासारखा असला तरी नात्याने पानांच्या जातींना जवळचा आहे.

बाह्यरूपावर विसंबले की काय होते याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ब्लासिया दिसायला साधा थॅलस, कप्पे नाहीत, छिद्रे नाहीत. जुनी पुस्तके त्याला पेलिया या साध्या थॅलसच्या वंशाशेजारी बसवतात. डीएनएच्या अभ्यासाने तो मार्कांशिऑप्सिडात गेला. दुसरे टाकाकिया. १९५८ मध्ये त्याचे वर्णन लिव्हरवर्ट म्हणून झाले, कारण तेव्हा फक्त पाने आणि खोड हाती होते. १९९० च्या दशकात बीजाणूधानी सापडल्या आणि ते मॉस निघाले. जुने पुस्तक वापरत असाल तर मार्कांशिएल्स, मेट्झगेरिएल्स, जुंगरमानिएल्स ही गणांची नावे भेटतील. ती टाकाऊ नाहीत, पण त्यांच्या सीमा आता बदलल्या आहेत, आणि हॉर्नवर्ट तर पूर्ण वेगळा विभाग झाला आहे.

पट्टा असेल तर: वरचा पृष्ठभाग, छेद, खालची बाजू

ओला थॅलस तिरप्या उजेडात धरून भिंगाने वरचा भाग बघा. षटकोनी चौकटींची जाळी आणि प्रत्येक चौकटीत एक ठिपका दिसला तर गुंतागुंतीचा थॅलस. चौकट म्हणजे खालच्या हवेच्या कप्प्याची वरून दिसणारी सीमा, ठिपका म्हणजे त्याचे छिद्र. ही छिद्रे उच्च वनस्पतींच्या पर्णरंध्रांसारखी नव्हेत. त्यांना रक्षक पेशी नाहीत आणि ती मिटत नाहीत. लिव्हरवर्टच्या बीजाणूधानीवरही पर्णरंध्रे नसतात. मॉस आणि हॉर्नवर्टमध्ये ती बऱ्याच जातींत आढळतात.

आता छेद. थॅलसचा पाच मिलिमीटरचा तुकडा गाजराच्या चिरेत उभा अडकवा, दोन्ही ओले करा आणि नव्या ब्लेडने एकाच दिशेने, न दाबता, सरकवत दहा-पंधरा काप घ्या. करवतीसारखे मागेपुढे केले तर कप्प्यांचे छप्पर फाटते. सगळे काप पाण्यात टाका आणि सर्वांत पारदर्शक दोन निवडा. कापाची अख्खी चकती मिळाली पाहिजे असा हट्ट नको. पाचरीसारख्या कापाची पातळ कड पुष्कळदा सर्वांत चांगली दिसते. काळे बुडबुडे दिसले तर ती कप्प्यांत अडकलेली हवा असते. कव्हर स्लिप सुईने हळूच दाबली की निघते.

मार्कांशियाच्या छेदात वर पिंपाच्या आकाराचे छिद्र, त्याखाली कप्पा, कप्प्यात तळातून उभ्या राहिलेल्या हिरव्या पेशींच्या छोट्या साखळ्या, आणि त्याखाली फिकट साठवणीचा थर दिसतो. प्रकाशसंश्लेषण वरच्या थरात, साठा खालच्यात. खालच्या बाजूला दोन प्रकारचे मूलाभ असतात. गुळगुळीत भिंतीचे जमिनीला धरून ठेवतात. आतून खुंट्या असलेले, पक्व झाल्यावर मृत पेशींचे असलेले मूलाभ केशाकर्षणाने पाणी वाहून नेतात. सोबत जांभळट पातळ खवले ओळीने असतात. थॅलस उलटा करून हे खवले न बघता नाव देणे म्हणजे अर्धवट काम. कितीतरी वंश खवल्यांच्या रांगांवर आणि त्यांच्या टोकाच्या शेपटीवर वेगळे होतात.

नेहमी भेटणारे काही वंश असे:

मार्कांशिया: वरच्या बाजूला गोल पेल्या, त्यात नवे रोप देणाऱ्या हिरव्या चकत्या म्हणजे जेमा. प्रजननाच्या वेळी देठावर छत्र्या. मार्कांशिया पॉलिमॉर्फाच्या मादी छत्रीला साधारण नऊ ते अकरा बोटे असतात, नर छत्री सपाट, कडेला उथळ पालींची (पाली म्हणजे कानाच्या पाळीसारखा सुटा भाग).

लुन्युलारिया: पेला अर्धचंद्राकृती, एका बाजूने उघडा. बाकी काही बघायची गरज नाही.

कोनोसेफॅलम: मोठ्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चौकटी, मधोमध उंचावलेले छिद्र, पेल्या नाहीत, चुरडल्यावर तीव्र सुगंध.

रिक्सिया: एक-दोन सेंटिमीटरच्या, दुभागत गेलेल्या फांद्यांचा गोल गुच्छ. धानी थॅलसच्या आतच, काळ्या ठिपक्यांसारख्या.

टार्जिओनिया: टोकाशी खालच्या बाजूला काळसर जांभळी, दोन झडपांची थैली.

डुमोर्टिएरा: मोठा, गडद हिरवा, पाण्याजवळचा. इथे फसगत ठरलेली, कारण कप्पे आणि छिद्रे जवळजवळ नाहीशी झाली आहेत. टोकाजवळ कप्प्यांच्या पुसट खुणा शोधा. छत्री आली असेल तर तिच्यावर केस दिसतात.

छिद्रे आणि कप्पे नाहीतच असे ठरले तर साध्या थॅलसकडे वळा. पेलियात मध्यभाग जाड, कडेला पातळ होत जाणारा. मेट्झगेरियात स्पष्ट मध्यशीर आणि दोन्ही बाजूंना एकाच पेशीच्या जाडीचे पंख; बहुधा झाडाच्या सालीवर. रिकार्डिया अरुंद, मांसल, पिसासारख्या फांद्यांचा. फॉसोंब्रोनियाला पानांसारख्या झालरी आणि गडद जांभळे मूलाभ. अनेउरा मिराबिलिस मात्र हिरवा नसतोच. त्यात हरितद्रव्य नाही, तो मॉसच्या थराखाली जमिनीत दडून बुरशीकरवी शेजारच्या झाडाचे अन्न घेतो.

पाने असतील तर

एकच फांदी चिमट्याने सोडवा, पाण्याच्या थेंबात ठेवा, आणि आधी वरची बाजू कोणती हे ठरवा. मूलाभ जिथून निघतात ती खालची. या साध्या गोष्टीत चूक झाली की पुढचे सगळे उलटे होते.

वाढीच्या टोकाला तीन बाजूंनी पेशी कापून देणारी एकच अग्रपेशी असते, म्हणून पानांच्या मुळात तीन रांगा: दोन बाजूंच्या, एक खालची. खालच्या रांगेची पाने बहुधा लहान, वेगळ्या आकाराची, कधी पूर्ण नाहीशी. त्यांना अधःपर्णे म्हणू. ती आहेत की नाहीत हा पहिला महत्त्वाचा प्रश्न. मूलाभांच्या गुंत्यात ती लपतात, म्हणून फांदी उलटी करून मूलाभ चिमट्याने उपटा आणि शेंड्याजवळच्या कोवळ्या भागात बघा. बाजूची पाने दुभंगलेली का असतात याचेही उत्तर वाढीत आहे: प्रत्येक पान दोन आद्यपेशींपासून घडते. मॉसचे पान एकाच पेशीपासून घडते.

पुढचा प्रश्न पाने एकमेकांवर कशी येतात हा. शेंडा म्हणजे छपराचा आढा समजा. कौलारू छपरात आढ्याकडचे कौल खालच्या कौलाच्या काठावर चढलेले असते. वरून बघताना पाने तशी दिसली, म्हणजे शेंड्याकडच्या पानाची मागची कड खालच्या पानाच्या पुढच्या कडेला झाकत असेल, तर रचना सक्युबस. उलट, प्रत्येक पानाची पुढची कड शेंड्याकडच्या पुढल्या पानावर चढलेली असेल तर इन्क्युबस. खालच्या बाजूने बघितले तर उत्तर नेमके उलटे येते. वरची बाजू आधी ठरवायची ती यासाठी. पाने विरळ असतील तर एकमेकांवर येतच नाहीत. अशा वेळी पान खोडाला ज्या रेषेत चिकटले आहे तिचा तिरकेपणा बघा.

तिसरा प्रश्न पालींचा. काही वंशांत पान घडी घातल्यासारखे दोन असमान पालींचे असते. लहान पाली खाली आहे की वर, चपटी आहे की फुगीर, हे नीट टिपा. रॅड्युलात ती खालच्या बाजूला, चपटी, आणि मूलाभ चक्क तिच्यावरूनच निघतात, अधःपर्णे नसतात. स्कॅपानियात लहान पाली वरच्या बाजूला असते. पोरेलात ती जिभेच्या आकाराची आणि शेजारी मोठे अधःपर्ण, त्यामुळे खालून पाच रांगा असल्याचा भास होतो. फ्रुलानियात तिचे शिरस्त्राणाच्या आकाराचे पाणी साठवणारे भांडे झालेले असते, आणि फांद्या बऱ्याचदा तांबूस तपकिरी. लेज्युनियात फांदी जेमतेम मिलिमीटरभर रुंद, पाली फुगीर, अधःपर्ण दुभंगलेले. सालीवर वाढणाऱ्या या वंशांना पावसामधल्या कोरड्या वेळात पाणी धरून ठेवायला या पाली उपयोगी पडतात, आणि त्यात रोटिफरसारखे सूक्ष्म प्राणी राहतात. थेंबात ठेवलेल्या नमुन्यात काही वळवळले तर घाबरू नका.

पाली नसलेल्यांत: प्लाजिओकिला सक्युबस, पानांच्या कडा बहुधा दातेरी, अधःपर्णे नाहीत किंवा नावापुरती. लोफोकोलिया सक्युबस, पानाला दोन टोके, अधःपर्णे दुभंगलेली. बझानिया इन्क्युबस, पानाच्या टोकाला बहुधा तीन दात आणि खालून लोंबणाऱ्या बारीक चाबूकफांद्या. कॅलिपोजिया इन्क्युबस, पण जमिनीलगत पसरट आणि फिकट.

फ्रुलानिया हाताळताना एक काळजी घ्या. तिच्यातल्या सेस्क्विटर्पीन लॅक्टोन वर्गातल्या द्रव्यांमुळे काही लोकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. सालीसकट लाकूड हाताळणाऱ्या कामगारांत हा त्रास चांगलाच परिचित आहे. त्वचा संवेदनशील असेल तर हातमोजे घाला आणि नमुना हाताळून डोळे चोळू नका.

तैलपिंड: आज बघा, उद्यावर टाकू नका

बहुसंख्य लिव्हरवर्टांच्या पेशींत पातळ आवरणात बंदिस्त, तैलद्रव्यांनी भरलेले पिंड असतात. दुसऱ्या कोणत्याही वनस्पतिगटात अशी रचना नाही. कोनोसेफॅलमचा सुगंध अशाच तैलद्रव्यांचा. मार्कांशियात ते ठरावीक विखुरलेल्या पेशींत, पेशीमागे एक मोठा पिंड. पानांच्या जातींत बहुधा पानातल्या प्रत्येक पेशीत एक ते अनेक.

ताजे पान पाण्यात ठेवून ४०० पटीवर पानाच्या मध्यभागातल्या पेशी बघा. कडेच्या पेशींत पिंड कमी आणि लहान असतात, त्यावरून गणती करू नका. चार गोष्टी लिहा: पेशीमागे किती, आकार, पृष्ठभाग गुळगुळीत की दाणेदार, रंग. बहुतेक रंगहीन किंवा तपकिरी. कॅलिपोजिया अझ्युरिया या जातीत मात्र सुंदर निळे. नमुना वाळला की पिंड विरतात आणि पुन्हा भिजवून परत येत नाहीत. अल्कोहोलमध्येही टिकत नाहीत. घरी आल्यावर पहिले काम हे, बाकी सगळे नंतर. त्याच दिवशी जमलेच नाही तर नमुना ओलसर ठेवून थंड जागी एक-दोन दिवस निभावतो.

पिंड कशासाठी हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तैलपिंड न बनवू शकणाऱ्या मार्कांशियाच्या उत्परिवर्ती रोपांना जमिनीवरच्या पिल-बग किड्यांनी जास्त खाल्ले. म्हणजे निदान एक काम संरक्षणाचे.

जीवनचक्र, आणि त्यातले काय डोळ्यांनी बघता येते

तुम्ही जी हिरवी वनस्पती बघता ती एकगुणित आहे, तिच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच. द्विगुणित पिढी म्हणजे फक्त पाद (मातेच्या शरीरात रुतलेला तळ), देठ आणि बीजाणूधानी, तीही मातेच्या शरीरावर पोसलेली. विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये पिढ्यांच्या या आलटण्याचे सूत्र मांडले. लिंग ठरवणारी गुणसूत्रे वनस्पतींत पहिल्यांदा दिसली तीही लिव्हरवर्टमध्येच: १९१७ मध्ये चार्ल्स ॲलन यांनी स्फेरोकार्पसमध्ये ती दाखवली. मार्कांशिया पॉलिमॉर्फात नऊ गुणसूत्रे असतात. मादीत त्यातले एक यू, नरात व्ही. एकगुणित अवस्थेतच लिंग ठरत असल्याने इथे दोन एक्ससारखी जोडी संभवतच नाही.

शुक्रपेशी बघायच्या असतील तर मार्कांशियाच्या पक्व नर छत्रीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात थेंब दुधाळ होऊ लागला तर तो काचपट्टीवर घेऊन ४०० पटीवर बघा. प्रत्येक शुक्रपेशीला दोन कशाभिका, म्हणजे पोहायच्या शेपट्या, असतात. थेंब स्वच्छच राहिला तर छत्री कोवळी आहे किंवा रिकामी झालेली आहे. अंडपेशीपर्यंत त्यांना पोहतच जावे लागते, म्हणून पाऊस किंवा दव लागतेच. थेंबांच्या उडण्याने त्या एका रोपावरून दुसऱ्यावर पोचतात.

फलनानंतरचा क्रम मॉसहून उलटा. मॉसमध्ये देठ आधी वाढतो आणि त्याच्या टोकावर धानी पिकते. लिव्हरवर्टमध्ये धानी आवरणात लपून पूर्ण पिकते, बीजाणू तयार होतात, आणि मगच देठ झपाट्याने उंचावतो. नव्या पेशी बनत नाहीत, असलेल्या पेशी पाण्याने ताणल्या जातात. देठ इतका नाजूक असण्याचे कारण हेच. पेलियात तो मिलिमीटरभरावरून तीन-चार दिवसांत सात-आठ सेंटिमीटरपर्यंत जातो. गडद, गोल धानी आवरणात दिसणारा पेलियाचा तुकडा मातीसकट डब्यात आणून झाकून ठेवला तर हे घरी बघता येते. दिवसातून दोनदा पट्टीने मोजा.

धानी फुटताना बीजाणूंसोबत इलेटर बाहेर येतात: लांबट, मृत पेशी, आतून सर्पिल जाड पट्ट्यांच्या. पिकलेली धानी कोरड्या काचपट्टीवर फोडा, कव्हर स्लिप न ठेवता १०० पटीवर बघा आणि हलकासा श्वास सोडा. ओलावा बदलला की इलेटर पिळ घेतात आणि बीजाणूंचा गोळा सुटा होतो. पाण्यात ठेवून बघितले तर हालचाल दिसणार नाही. रिक्सियात इलेटर नाहीत, देठ नाही, पादही नाही. थॅलस कुजला की बीजाणू मोकळे होतात. हे साधेपण मूळचे नसून नंतर झालेली काटछाट आहे, असे आजचे वंशवृक्ष सांगतात.

नमुना जपणे

नाण्याएवढा तुकडा पुरतो. अख्खा पॅच खरवडू नका. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय तेवढाही नको. माती झटकून कागदी पाकिटात ठेवा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून विसरले तर दोन दिवसांत बुरशी येते. वजनाखाली दाबू नका; पाली आणि अधःपर्णे चपटी होऊन ओळखूच येत नाहीत. पाकिटावर ठिकाण, उंची, कशावर वाढले होते (साल, दगड, माती, कुजके लाकूड), सावली किती, तारीख, संग्राहक आणि क्रमांक. यात ‘कशावर’ ही नोंद सर्वांत जास्त वेळा राहते आणि नंतर सर्वांत जास्त लागते.

पानांच्या जाती कोमट पाण्याच्या थेंबात काही मिनिटांत पुन्हा उलगडतात. थॅलस तसे उलगडत नाहीत, म्हणून त्यांचे छेद आणि फोटो ताजेपणीच करून ठेवा. एका पाकिटात तीन-चार जाती गुंतलेल्या असणे नेहमीचेच. पानाची रचना एका फांदीवरून आणि अधःपर्ण दुसऱ्याच जातीच्या फांदीवरून टिपले की जगात नसलेली वनस्पती तयार होते. सगळ्या नोंदी एकाच फांदीवरून घ्या.

जेमापासून वाढवणे

शिकण्यासाठी मार्कांशिया घरी वाढवण्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. सहा-सात सेंटिमीटर खोल, तळाला भोके असलेला ट्रे घ्या. दोन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग व्हर्मिक्युलाइट असा चार सेंटिमीटरचा थर द्या. कोकोपीटमध्ये मीठ असू शकते, म्हणून ते दोनदा साध्या पाण्याने धुवून मगच घ्या. त्यावर उकळते पाणी दोन वेळा ओता आणि थंड होऊ द्या. शैवाल, मॉसचे बीजाणू आणि किड्यांची अंडी यांचा बराचसा निकाल इथेच लागतो.

ओल्या सुईच्या टोकाने पेल्यातून जेमा उचला. एक सेंटिमीटर अंतराने वीस-पंचवीस ठेवा, मातीत दाबू नका. प्रत्येक जेमाला समोरासमोर दोन खाचा असतात आणि दोन्हीतून वाढ होते. पेल्यात असेपर्यंत तो रुजत नाही, बाहेर ओल्या जागी पडला की एक-दोन दिवसांत मूलाभ सोडतो. कोणती बाजू वर राहील हे सुरुवातीला ठरलेले नसते. प्रकाश आणि गुरुत्व यांवर ते ठरते, त्यामुळे जेमा उलटा पडला म्हणून बिघडत नाही.

पारदर्शक झाकण, १८ ते २४ अंश सेल्सियस, थेट ऊन नाही. पांढरा एलईडी २५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर दिवसाला १२ ते १६ तास. पाणी पावसाचे किंवा डिस्टिल्ड, ट्रेच्या तळाशी ओतून. आठवड्यानंतर झाकण रोज थोडे उघडत जा. विद्राव्य खत नेहमीच्या एक दशांश तीव्रतेचे, पंधरवड्यातून एकदा, त्याहून जास्त नको. तीन-चार आठवड्यांत नव्या पेल्या दिसू लागतात.

बिघाड आणि कारणे: थॅलस अरुंद होऊन उभा वाढतो, म्हणजे उजेड कमी. कडा तपकिरी आणि करकरीत, म्हणजे पाण्यात क्षार किंवा खत जास्त. झाकणाखाली एका दुपारीत सगळे शिजल्यासारखे मऊ, म्हणजे ऊन लागले. पृष्ठभागावर निळसर हिरवी बुळबुळीत साय, म्हणजे वरून पाणी आणि कोंडलेली हवा. तेवढा थर खरवडा आणि झाकण उघडे ठेवा. मधोमध कुरतडलेले खड्डे आणि भोवती बारीक काळ्या माश्या, म्हणजे त्यांच्या अळ्या मातीत आहेत. अशा वेळी ट्रे वाचवत बसण्यापेक्षा चांगल्या पेल्यातले जेमा घेऊन नवा ट्रे लावणे सोपे.

छत्र्या येत नाहीत ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. साध्या पांढऱ्या एलईडीत दूर-लाल (लाल रंगाच्या पलीकडचा) प्रकाश नगण्य असतो, आणि मार्कांशियाला प्रजननासाठी मोठा दिवस आणि दूर-लाल प्रकाश दोन्ही लागतात. ७३० ते ७४० नॅनोमीटरचा छोटा एलईडी जोडून १६ तास किंवा त्याहून अधिक उजेड द्या. छत्र्या आल्या तरी धानी मिळेलच असे नाही, कारण एका पेल्यातले सगळे जेमा एकाच लिंगाचे असतात. म्हणून सुरुवातीलाच निदान चार-पाच वेगळ्या जागांहून आणलेली रोपे वेगवेगळ्या ट्रेमध्ये, खूण करून वाढवा. छत्र्यांवरून नर-मादी कळले की नर छत्रीवरचा दुधाळ थेंब ड्रॉपरने उचला आणि देठ अजून आखूड असलेल्या मादी छत्रीवर सोडा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा करा. साधारण महिन्याभराने छत्रीच्या खालून पिवळ्या धानी डोकावतात. त्या फुटायच्या आत चिमट्याने काढून कागदी पाकिटात वाळवा.